वृद्धांची चूल आणि सरकारचे साहाय्य

मागील हिवाळ्यात मूर्तिजापूर तालुक्यातील एका खेड्यात मंडळीच्या भेटीस गेलो असता आम्ही एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी थोडा वेळ बसलो. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती व तिच्या शेजारी लाल सिलिंडर. पण सिलिंडरवर गोधडी घडी करून ठेविलेली. आजी चुलीपुढे बसून पऱ्हाटी मोडून आत सारीत होत्या. धुराने डोळे वाहत होते व खोकला थांबत नव्हता. सिलिंडर का भरून आणीत नाही असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसे मंग भेटतात जी पाळकसाहेब, पन आधी देऊ कोठून?"

सारफथची विधवा वेशीपाशी काटक्या वेचीत होती, हे आपण उपासनेत वाचतो. वऱ्हाडातील विधवा अद्याप त्या वेचीत आहेत, आणि त्याही घरात सरकारने दिलेली शेगडी असता. असे का होते, ते वाचकहो, नीट समजून घेतले पाहिजे.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब घरातील प्रौढ स्त्रीच्या नावे गॅसची जोडणी द्यावयाची, हा तिचा हेतू. पुढे २०२२ साली अशा स्त्रियांस १४.२ किलोच्या सिलिंडरमागे २०० रुपये देण्याचे ठरले. २०२३ च्या ऑक्टोबरात ते ३०० झाले. आणि २०२५-२६ ह्या वर्षासाठी नऊ सिलिंडरांपर्यंत हे साहाय्य मंजूर झाले. परंतु ह्या रकमेने दारात द्यावयाची किंमत कमी होत नाही. सिलिंडर घेतेवेळी आठशेहून अधिक रुपये पुरते मोजावे लागतात व साहाय्य मागाहून बँकेच्या खात्यात येते. श्रावणबाळ योजनेचे वेतन २०२३ साली वाढून महिना १,५०० रुपये झाले. ज्या बाईस एवढाच आधार, तिने त्यातील निम्म्याहून अधिक एका दिवसात कसे द्यावे? कापूस निघाल्यावर पऱ्हाटी शेतातून फुकट मिळते, तुराटीही मिळते. आजींचा हिशेब चुकलेला नव्हता.

२०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेने वर्षास तीन सिलिंडरांची किंमत परत देण्याचे ठरविले. हे साहाय्य उज्ज्वलेच्या लाभार्थी स्त्रियांस व लाडकी बहीण योजनेतील स्त्रियांस आहे. येथे एक गैरसमज फार पसरला आहे. लाडकी बहीण योजनेस ६५ वर्षांची मर्यादा असल्यामुळे त्याहून वृद्ध स्त्रियांस वाटते की अन्नपूर्णेचेही दार आपणांस बंद झाले. तसे नाही, जिच्या नावे उज्ज्वलेची जोडणी आहे तिला वयाची वरची मर्यादा नाही. मात्र जुनी साधी जोडणी दिवंगत पतीच्या नावे असेल व वय पासष्टाच्या पुढे गेले असेल, तर ती बिचारी दोन्हींकडून वगळली जाते, कारण घरात एक जोडणी असता उज्ज्वलेची दुसरी मिळत नाही. अशा विधवेची गरज इतरांहून उणी कशी ठरते, हे आम्हांस उमगत नाही.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर निंदणी व कापूसवेचणी केलेल्या हातांचे ठसे यंत्रास उमटत नाहीत, आणि आधारची पडताळणी झाल्यावाचून पैसे अडतात. अशा वेळी गॅस कंपनीच्या मोबाईल अॅपवर चेहरा दाखवूनही पडताळणी होते, व तिला शुल्क पडत नाही. मंडळीतील तरुणांजवळ मोबाईल आहेतच; रविवारी उपासनेनंतर अर्धा तास त्यांनी ह्या कामास द्यावा.

उज्ज्वलेत मोठ्या सिलिंडराऐवजी ५ किलोचे लहान सिलिंडरही घेता येते व साहाय्य त्याच प्रमाणात मिळते. लहान सिलिंडरास एका वेळी थोडे पैसे लागतात आणि ते उचलावयासही हलके. वृद्धांस आम्ही तेच सुचवितो.

त्या खेड्यातील वडिलांनी मंडळीच्या पेटीतून एका सिलिंडराची किंमत वेगळी काढून आजींस उसनी दिली. अन्नपूर्णेचे पैसे आले की परत करावे, एवढीच अट. सहा आठवडे लोटले तरी पासबुकात काही दिसेना, तेव्हा कुजबुज सुरू झाली. एका तरुणाने आजींस तालुक्यास नेऊन चौकशी केली. पैसे आले होते, परंतु निराळ्या बँकेत! पतीच्या हयातीत उघडलेले एक विसरलेले खाते होते व आधार त्यालाच जोडलेले होते. आधीच्या दोन सिलिंडरांचे पैसेही तेथेच पडून होते. सबब कोणी "पैसे येत नाहीत" म्हणाले, तर आधार कोणत्या खात्यास जोडले आहे हे प्रथम पाहावे. तक्रार मग करावी. विजेच्या बिलाविषयी पुढे केव्हा तरी लिहू.