राहूत धंदा चालवता? शांत दोन तास आणि चार जाणकार माणसे मिळवण्याचा खर्च

राहू बेटात तुमचे गुऱ्हाळ असेल, रोपवाटिका, दूध संकलन, औजारांचे वर्कशॉप किंवा घरून चालणारी ऑनलाइन विक्री असेल, तर दोन गोष्टींची टंचाई तुम्हाला जाणवतेच. एक, कोणी हाक न मारणारे दोन तास. दुसरी, धंद्याचे खरे आकडे ज्यांच्यापुढे मांडता येतील अशी माणसे. दोन्ही थोडक्या पैशांत मिळतात. खिशाला लागतो तो प्रवास, चुकीची वर्गणी आणि ‘फुकट’ म्हणून बोलावलेले कार्यक्रम. खाली भाडे, इंधन आणि अंतराचे आकडे अंदाजाचे आहेत. कर, विलंब शुल्क आणि अनुदानाचे आकडे नियमातले आहेत.

आधी जवळची जागा

घरात वेगळी खोली असेल तर तिथूनच सुरुवात करा. ब्रॉडबँड घेताना जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी धरा. जोडणीचा खर्च, राउटरची अनामत आणि तीन महिन्यांचे आगाऊ पैसे घेणार का, हे आधी विचारा. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर लागतोच. बॅटरीसह 15 ते 20 हजार रुपये ठेवा.

मीटरकडे लक्ष द्या. घरगुती मीटरवर दुकान किंवा युनिट चालवले, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. यंत्र बसवणार असाल तर महावितरणकडे वेगळ्या जोडणीचा अर्ज आधी करा.

घरात शांतता नसेल तर अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठीच्या या खोल्यांत खुर्ची, दिवा, वायफाय आणि कडक शांतता मिळते. केडगाव-चौफुला, यवत, दौंड या बाजूला चौकशी करा. महिन्याला 500 ते 1,000 रुपये धरा. आधारची प्रत आणि फोटो न्या. विचारायचे प्रश्न: जागा ठरलेली की मिळेल ती? लॉकर वेगळा? उन्हाळ्यात एसीचे जादा पैसे? अनामत परत कधी? फोनवर बोलायला बंदी असते, म्हणून हिशेब, दरपत्रक आणि लेखी काम इथे आणा. वसुलीचे फोन बाहेर उरका.

नुसता विचार करायचा असेल तर यवतजवळचे भुलेश्वर मंदिर आहेच. खर्च पेट्रोलचा. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळा; तेव्हा गर्दी असते.

खराडीची खुर्ची कितीला पडते

वाघोली-खराडीकडच्या कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, महिन्याची साधी खुर्ची 6,000 रुपये सांगितली, असे धरू. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080. झाले 7,080. राहूहून जाऊन-येऊन साधारण 80 किलोमीटर; दुचाकी लिटरला 45 देते आणि पेट्रोल 105 रुपये, तर रोजचे 187 रुपये, 20 दिवसांचे 3,740. एकूण 10,820 रुपये. शिवाय रोज अडीच-तीन तास रस्त्यावर, म्हणजे महिन्याला 50 ते 60 तास. शांततेसाठी गेलात आणि तेवढे तास वाघोलीच्या कोंडीत घालवलेत.

छुपे खर्च: एक-दोन महिन्यांची अनामत, किमान मुदतीची अट, बैठकीच्या खोलीचे तासाचे भाडे, प्रिंट, पार्किंग. जीएसटी क्रमांक असेल तर बिलावर तो घालून घ्या. नियमात बसत असेल तर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. ग्राहकाला भेटण्यापुरती जागा हवी असेल तर महिना नको, एक दिवसाचा पास घ्या.

दहा दिवस फोन बंद

वर्षातून एकदा डोके पूर्ण रिकामे करायचे असेल तर विपश्यनेचा दहा दिवसांचा निवासी वर्ग बघा. आळंदीजवळ मरकळला धम्मानंद आणि पुण्यात नेहरू स्टेडियमसमोर दादावाडीत धम्मपुण्ण अशी केंद्रे आहेत. इगतपुरीचे धम्मगिरी तर 1976 पासून चालू आहे. राहण्या-जेवण्याची फी नाही. वर्ग पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. अर्ज ऑनलाइन, फुकट. ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

नावात दहा दिवस असले तरी पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून बारा जातात. फोन जमा होतो, बोलणे बंद असते, पहाटे चारला उठायचे असते. मधून निघायचे नाही, हे कबूल करूनच जायचे. मानसिक आजाराचे औषध चालू असेल तर अर्जात लपवू नका आणि डॉक्टरांना विचारा.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. दर महिन्याला विवरण भरत असाल तर जीएसटीआर-1 ची तारीख 11, जीएसटीआर-3बी ची 20. 3बी चुकले तर विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, कर थकला असेल तर व्याज वेगळे. म्हणून 3बी भरून 21 तारखेला जा आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला परत या. मजुरांची उचल, हप्ते आणि बँकेचा ओटीपी कोणाकडे, हे आधी ठरवा.

माणसे कुठे भेटतात

मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब ग्लोबल ट्रस्ट आहे. स्थानिक शाखेच्या बैठकीला आधी पाहुणे म्हणून जा. बीएनआय हे संदर्भावर धंदा देण्याचे जाळे आहे: दर आठवड्याला बैठक, एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य, सहा महिन्यांत तीनच गैरहजेरी. पाहुणे म्हणून दोनदा जाता येते. ते दोन्ही वेळा वापरा. राहूहून सकाळी सातची बैठक दर आठवड्याला झेपेल का, ते प्रामाणिकपणे बघा. वर्गणीचा एकच आकडा ऐकून हो म्हणू नका. प्रवेश शुल्क, वार्षिक शुल्क, जीएसटी, बैठकीचा नाश्ता आणि सोडल्यास परतावा, हे पाच आकडे लेखी मागा.

1934 ची मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर पुण्यात आहे. सभासद होण्याआधी तुमच्या विषयाच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या. यवत किंवा केडगावहून रेल्वे स्वस्त पडते. शेतमाल प्रक्रियेत असाल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे प्रशिक्षण बघा. तिथे तुमच्याच मालाशी झगडणारे लोक भेटतात.

सगळ्यात स्वस्त बैठक तुम्हीच भरवा. राहू, पिंपळगाव, वाळकी, यवत इथले वेगवेगळ्या धंद्यांतले पाच जण, महिन्यातला ठरलेला एक दिवस, दीड तास. प्रत्येकाने एक आकडा आणि एक अडचण आणायची. चहाचा खर्च 200 रुपये. एकमेकांना उसने द्यायचे नाही आणि भिशी लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एक हप्ता थकला की पुढच्या बैठकीला दोघे येत नाहीत.

सावध कुठे राहाल

हायवेवरच्या हॉटेलात ‘मोफत उद्योजक मेळावा’ असेल तर पाकीट घरी ठेवा. शेवटी ‘आजच नाव नोंदवा’ म्हणून हजारोंचा कोर्स येतो. माणसे जोडली की पैसे मिळतील असे कोणी सांगितले तर लगेच उठा. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी आहे.

उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क शून्य. आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक पुरतो. कागद अपलोड करावे लागत नाहीत. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पाने यासाठी पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी .gov.in आहे का, ते पाहा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान ठरले होते. ती सध्या चालू आहे का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. योजनेच्या अर्जाला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचे मानधन सरकार देते, तुम्ही नाही.

फसलात तर पावती, जाहिरात आणि चॅट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाही’ असे समोरचा म्हणेल. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना संरक्षण देतो, हे त्याला सांगा.

महिन्याचे अंदाजपत्रक

अभ्यासिका 800. आठवड्यातून दोन दिवस केडगाव, जाऊन-येऊन 30 किलोमीटर धरून पेट्रोल 560. स्वतःची बैठक 200. पुण्याची एक फेरी 300. एकूण 1,860 रुपये, खराडीच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. तीन महिने एवढेच करा. त्यानंतरही खुर्ची किंवा वर्गणी हवीशी वाटली, तर कशासाठी हवी हे तुम्हाला नेमके सांगता येईल, आणि दरात घासाघीसही करता येईल.