बसलें म्हणजे जुळलें काय?

जुन्या कॅमेऱ्यांचे बाह्य भाग परस्परांस चालतात काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. खारकोव्ह येथील अनाथ मुलांच्या श्रमवसाहतींत १९३४ सालीं जर्मन लायकाच्या धर्तीवर फेड कॅमेऱ्याची नियमित निर्मिती सुरू झाली. दोहोंच्या भिंगाच्या आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर. म्हणून एकाचें भिंग दुसऱ्यावर बसतें. परंतु भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर लायकाकरितां २८.८ मिलिमीटर ठरविण्यांत आलें. आरंभींच्या फेडांत मात्र प्रत्येक भिंग आपापल्या कॅमेऱ्याशींच जुळविलेलें असे. सबब अदलाबदल केल्यावर अंतरमापकांतील दोन प्रतिमा एक झाल्या, तरी फिल्मवर चेहरा अस्पष्ट उमटूं शकतो. यास्तव आधीं एक रीळ परीक्षेस खर्चावें. मगच आजीआजोबांचें छायाचित्र घ्यावें. हुकलेला क्षण पुन्हां मिळत नाहीं.