लहान समाजासाठी अनुदान मागताना: सात अनुभवाचे बोल

मी परतवाड्याची. मेळघाटात काम करणाऱ्या संस्थांचे हिशेब ठेवणं आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहिणं हे माझं काम. कॉलेजातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, मैत्रिणीमुळे ठाण्याकडच्या एका लहानशा ज्यू संस्थेचे कागदही माझ्याकडे आले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना औषधं, जेवणाचा डबा आणि दवाखान्यात जाताना सोबत, एवढंच तिचं काम. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावांसाठी लिहिताना आणि या संस्थेसाठी लिहिताना एक गोष्ट पक्की होत गेली: समाजाने आधी स्वतःचा खिसा रिकामा केला असेल, तिथेच बाहेरचा पैसा टिकतो. त्यातून शिकले ते इथे मांडते.

१. आधी आपली वर्गणी, मग दुसऱ्याचं अनुदान

अलिबागला जन्मलेले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८५३ मध्ये सहकाऱ्यांना घेऊन समाजाच्या शिक्षणासाठी मंडळ काढलं. १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी शाळा सुरू झाली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला मदत दिली. पुढे शांघाय आणि हाँगकाँगचे उद्योगपती सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली. माझगावची ही शाळा आज त्यांच्याच नावाने चालते. यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी मंडळ, मग शाळा, मग देणगी. म्हणून कोणत्याही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मी सभासदांची वर्गणी आणि त्यांनी विनामोबदला केलेलं काम लिहिते. रक्कम लहान असली तरी चालते. या माणसांनी आपल्या कामावर स्वतः पैज लावली आहे, हे देणाऱ्याला त्यातून कळतं.

२. संख्येपेक्षा गरज नीट मांडा

‘लाभार्थी किती?’ हा रकाना लहान समाजाला घाबरवतो. देशभरात आज ज्यू लोक अंदाजे चार-पाच हजार, आणि त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, रायगड, पुणे या पट्ट्यात. १९४८ मध्ये इस्रायल देश झाल्यानंतर तरुण कुटुंबं इस्रायलला गेली आणि मागे वयस्कर माणसं जास्त राहिली. ‘लोप पावत चाललेला समाज’ असं लिहून दया मिळते, अनुदान मिळत नाही. त्याऐवजी लिहा: किती जण एकटे राहतात, किती जणांना रोजची औषधं लागतात, महिन्याचा खर्च किती, त्यातला किती ते स्वतः उचलतात. मेळघाटातल्या दूरच्या गावासाठी मी जशी वाटेचं अंतर आणि पावसाळ्यात रस्ता बंद राहण्याचे दिवस मांडते, तसंच हे.

३. कोणतं दार कशासाठी आहे, ते ओळखा

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो राज्यापुरता आहे. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन असे सहाच समाज आहेत. त्यामुळे केंद्राच्या अल्पसंख्याक योजनांसाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका. १९१४ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली ज्यूंची मदतसंस्था जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी मुंबईत वृद्धांसाठी मदत करत आली आहे, तर ओआरटी या दुसऱ्या ज्यू संस्थेचा भर व्यवसाय-शिक्षणावर आहे. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून आरोग्य, शिक्षण, वृद्धाश्रम आणि वारसा-जतन यांना पैसा मिळू शकतो, पूजाविधींना नाही. मलिदा या बेने इस्रायली धार्मिक विधीचा खर्च समाजाच्या वर्गणीतूनच करा. तिथे तो शोभतोही.

४. इमारतीचा पैसा वेगळा, माणसांचा वेगळा

काळा घोड्याजवळचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. त्याला जेएसडब्ल्यू फाउंडेशनसारख्यांनी हात दिला. जुन्या सुंदर वास्तूला देणारे भेटतात, कारण ती सगळ्या शहराची असते. पण त्या पैशातून एका आजींच्या इन्सुलिनची सोय करता येत नाही. दोन्हींसाठी स्वतंत्र प्रस्ताव, स्वतंत्र खातेवही आणि स्वतंत्र माणूस ठेवा. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वापरला की हेतू कितीही चांगला असो, उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना हात थरथरतो.

५. नात्यातला पैसाही परदेशी ठरतो

हा बोल प्रत्येक बेने इस्रायली संस्थेने भिंतीवर लावावा. इस्रायलमधल्या अश्दोदला राहणारी चुलतबहीण तिथली नागरिक झाली असेल, तर तिने ठाण्याच्या संस्थेला पाठवलेले पैसे कायद्याने परदेशी देणगी आहेत. ते घ्यायला परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातलगाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र त्यात मोडत नाहीत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, व्यवस्थापनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. पूर्वी मोठी संस्था लहान संस्थेला परदेशी निधीतला वाटा देऊ शकत होती, तो मार्ग बंद झाला. म्हणून लहान संस्थांनी देशातले देणगीदार शोधायला आजच सुरुवात करावी. त्यासाठी देणगीदाराला करसवलत देणारी आयकर कायद्याची मान्यता आणि तिची मुदत सांभाळावी.

६. विश्वस्तांची नोंद ताजी ठेवा

लहान समाजात विश्वस्त म्हातारे होतात, वारतात, परदेशी जातात. बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं दप्तरात राहतात. मग बँक सही मानत नाही आणि मंजूर झालेलं अनुदानही खात्यात येत नाही. हे अमरावतीत चालतं तसंच मुंबईत. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, त्या विश्वस्तांकडे सोपवल्या आणि स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. संस्था व्यक्तीच्या पुढे टिकायची तर कागद चोख हवेत, हा धडा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या या संताकडूनच मिळतो.

७. शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवा

सर एली कदूरी शाळेत आज बहुसंख्य मुलं मुस्लिम कुटुंबांतली आहेत. समाजाची मुलं कमी झाली, तरी शाळा चालू राहिली, कारण तिने आसपासच्या वस्तीला आपलं मानलं. आमच्या ठाण्याच्या संस्थेलाही मी हेच सुचवलं. दवाखान्यात सोबत जाणारा कार्यकर्ता त्याच इमारतीतल्या दुसऱ्या आजोबांनाही घेऊन जातो. समाजाची ओळख त्याने पुसली जात नाही. उलट कामाचा आवाका वाढतो, स्थानिक देणगीदार जवळ येतात आणि परदेशी हप्ता थांबला तरी काम थांबत नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात एखाद्या लहान समाजाची संस्था असेल, मग ती ज्यूंची असो, पारशांची असो की कोरकूंची, तर पैसे देण्याआधी तिच्या कार्यालयात जाऊन बसा. हिशेब लिहायला, बदल अर्ज भरायला, ताळेबंद तपासायला मदत करा. लहान संस्थांना देणगीदार मिळतात. महिन्यातून एक दिवस येऊन नेटाने कागद सांभाळणारा माणूस मिळत नाही. तो माणूस तुम्ही व्हा.