एम.ए.ला प्रवेश आणि बॅकला जागा : खर्च किती येतो?

पदवीचे निकाल लागले की कॉलेजांच्या जिमखान्यांतून फोन फिरू लागतात. "पोरगं बी.ए. झालं न्हवं? मग आमच्याकडं एम.ए.ला घाला. फीचं बघू आम्ही, स्टॉपर पायजे." गडहिंग्लज, मिरज, इचलकरंजी, बेळगाव, कुठलाही असो. तीन वर्षं मैदानात घासलेला, अंगानं भरलेला, कॉर्नरला डोकं लावायला न घाबरणारा फुटबॉलचा बॅक कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेजला हवाच असतो. घरच्यांना वाटतं, शिक्षणही झालं आणि खेळही. पण "फीचं बघू" या दोन शब्दांत वर्षाच्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. बाकीचा कुणी भरायचा, हे प्रवेशाआधीच बोलून घ्यावं.

मागणी बॅकलाच जास्त का, हेही पाहून ठेवा, कारण घासाघीस त्यावरच करायची आहे. फॉरवर्ड अठराव्या वर्षी नुसत्या वेगावर चमकून जातो. स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, पिकायला वेळ लागतो. कधी पुढं जायचं, कधी थांबायचं, शेजारच्या बॅकला कधी ओरडायचं, हे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी अंगात मुरतं. त्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक बॅक लाल कार्डावर बाहेर, दुसऱ्याचा घोटा सुजलेला, तिसऱ्याचा पेपर त्याच दिवशी, की मधल्या फळीतला पोरगा मागं ओढावा लागतो आणि तिथंच सामना जातो. बाकावर एक तयार बॅक असणं म्हणूनच मोलाचं.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये पदवीधर खेळाडू आणण्याचा हाच व्यवहार उघडपणे चालत आलाय. त्यांचं फुटबॉल वेगळं, हातात चेंडू घेऊन पळण्याचं. तिथं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढं पाच दांडगे गडी भिंत धरून उभे असतात. कोवळ्या पोराला त्या भिंतीत उभं राहण्याइतकं अंग कमवायला दोन-तीन वर्षं व्यायामशाळेत काढावी लागतात. 2006 साली तिथं पदवीधर खेळाडूंसाठी नियम आला : पदवी हातात असेल आणि खेळायचं वर्ष शिल्लक असेल, तर दुसऱ्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला नाव घालायचं आणि एक वर्ष न थांबता लगेच खेळायचं. क्वार्टरबॅक रसेल विल्सन 2011 मध्ये असाच नॉर्थ कॅरोलायना स्टेटहून विस्कॉन्सिनला गेला आणि गाजला. प्रशिक्षकांना त्या नियमाचा उपयोग भिंतीतली रिकामी जागा आयत्या, तयार गड्यानं भरायलाही झाला. आपल्याकडं पदवी पूर्ण झाली की मुलगा तसाच मोकळा असतो, त्यामुळं गणितही तसंच जुळतं. फरक एवढाच, की तिथं शिष्यवृत्तीत काय काय येतं ते कागदावर असतं. इथं बहुतेक गोष्टी तोंडी असतात.

आता खर्च. आधी कागद. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. गडहिंग्लज किंवा मिरजेचा मुलगा याच विद्यापीठाचा पदवीधर असेल तर टीसी, गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्रावर काम भागतं. बेळगावचा राणी चन्नम्मा विद्यापीठातून आलेला किंवा गोवा विद्यापीठाचा असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि इथल्या विद्यापीठाची पात्रता, असे दोन टप्पे वाढतात. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. फी, नोटरी, झेरॉक्स, हेलपाटे धरून हजार ते दोन हजार रुपयांत हे आटोपतं. पैशापेक्षा इथं वेळ महाग. मायग्रेशनचा अर्ज निकालाच्याच आठवड्यात टाका. पात्रता अडकली की खेळाडूचा फॉर्म अडकतो, आणि मुलगा गॅलरीत बसून आपल्याच संघाचा सामना बघतो.

वयाचंही बघा. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघाची वयोमर्यादा 25 वर्षांची आहे आणि विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ असावा लागतो. बाहेरून परीक्षा देणारा किंवा दूरशिक्षणाचा विद्यार्थी चालत नाही. एकविसाव्या वर्षी पदवी झालेल्याला एम.ए.ची दोन्ही वर्षं आरामात मिळतात. दोन-तीन वर्षं कारखान्यात काढून परतलेल्यानं मात्र जन्मतारखेचा दाखला घेऊन आधी शारीरिक शिक्षण संचालकांना गाठावं, मग फी भरावी.

फी हा सगळ्यात स्वस्त भाग. अनुदानित अभ्यासक्रमाला वर्षाला साधारण पाच ते दहा हजार, विनाअनुदानित असेल तर त्याच्या दुपटी-तिपटीवर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो, आणि राखीव प्रवर्गांच्या योजनाही तिथंच आहेत. कॉलेज "फी माफ" म्हणतं तेव्हा एकच विचारा : माफ म्हणजे पावतीच नाही, की आधी भरायची आणि मागाहून परत? दुसरं असेल तर ते पैसे जूनमध्ये घरातूनच जातात.

खरा खर्च पोटाचा. कॉट बेसिसवर खोली महिन्याला दीड ते अडीच हजार, वर डिपॉझिट. दोन वेळची मेस अडीच ते साडेतीन हजार. मेसचं जेवण अभ्यासू पोराच्या मापाचं असतं. सकाळी सहाला मैदानावर आणि संध्याकाळी पुन्हा सरावाला जाणाऱ्याला ते पुरत नाही. रोज चार अंडी, सात रुपयांनी अठ्ठावीस. अर्धा लिटर म्हशीचं दूध, पस्तीसच्या आसपास. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण प्यायचं असेल तर वेगळं मोजा, ती चैन आहे, पण पैलवानांच्या गावात तिला चैन म्हणायचं धाडस कोण करणार? नुसतं अंडी-दूध धरलं तरी दिवसाला त्रेसष्ट, महिन्याला एकोणीसशेच्या घरात. केळी, शेंगदाणे यात नाहीत.

गडहिंग्लजहून एसटीच्या पासावर ये-जा करता येईल, असं घरी सुचवलं जातं. साठ-पासष्ट किलोमीटरवरून सकाळी सहाचा सराव गाठायचा तर पहाटे किती वाजता उठायचं? पास स्वस्त, झोप महाग. खोली घ्याच.

बूट हा कॉलेजच्या किटमध्ये क्वचितच येतो. जर्सी, शॉर्ट, स्टॉकिंग मिळतात. बूट आणि शिनगार्ड खेळाडूचे. मोल्डेड स्टडचा बरा जोड दीड ते चार हजारांत येतो. स्टॉपर चेंडू उडवताना आणि घसरून अडवताना पुढचाच भाग घासतो, त्यामुळं अंगठ्याजवळ सोल आधी सुटतो. तिथं कडेनं शिलाई मारून घेतली तर तोच जोड हंगाम काढतो. नुसतं चिकटवलेलं पहिल्या पावसात उघडं पडतं. शिनगार्ड, अँकल सपोर्ट, क्रेप बँडेज, सुटे स्टॉकिंग धरून वर्षाचे सहा-सात हजार बाजूला ठेवा.

आता बेरीज. दहा महिन्यांची खोली वीस हजार, मेस तीस, अंडी-दूध एकोणीस, फी दहा, बूट-किट साडेसहा, घरी जाणं-येणं पाच, कागद दीड. ब्याण्णव हजार. यातली फी कॉलेजनं सोडली तर ब्याऐंशी उरतात. कॉलेजच्या वसतिगृहात जागा आणि मेस मिळाली, तर मात्र घरचा खर्च तीस-पस्तीस हजारांवर येतो. म्हणून फीमाफीवर खूश होऊ नका, वसतिगृह मागा. चांगल्या बॅकला ते मिळतं, पण मागणाऱ्यालाच.

या बेरजेत गुडघा धरलेला नाही. एमआरआय चार ते आठ हजार, फिजिओथेरपीच्या एका वेळेचे तीनशे-पाचशे, आणि लिगामेंटची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात लाखाच्या पुढं. वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पुष्कळांनी घेतलेली असते, पण ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. मैदानावर मोडलेल्या पायाचं रुग्णालयाचं बिल ती देत नाही. उपचाराचा खर्च देणारी आरोग्य पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिच्यात स्पर्धात्मक खेळातल्या दुखापती वगळल्यात का, ते बारीक अक्षरांत वाचावं लागतं.

आणि तालीम, म्हणजे पेठेतला फुटबॉल संघ. कोल्हापुरात बॅक चांगला आहे म्हटल्यावर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, कुणाचं ना कुणाचं बोलावणं येतंच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) नोंदणीत सही केली की हंगामभर त्या संघाचा. तालीम मानधन देते, त्यातून मेस सुटू शकते, शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर खेळायला मिळतं, ते वेगळंच. पण मोठ्या संघात बाहेरचे, अगदी परदेशी स्टॉपरही असतात. तिथं मोठ्या नावाच्या संघात चौथा बॅक होण्यापेक्षा खालच्या संघात पहिला बॅक होणं मला शहाणपणाचं वाटतं. मानधन कमी, पण वर्षभर खेळायला मिळतं, आणि पुढच्या वर्षी भाव त्यावरच ठरतो.

कॉलेजच्या प्रशिक्षकालाही हाच प्रश्न सरळ विचारा : पहिल्या अकरात, की राखीव? राखीव सांगितलं तर नाराज व्हायचं कारण नाही, फक्त वसतिगृहाची मागणी मग अधिक जोरात करायची. तालमीच्या सामन्यात लागलं तर कॉलेज काही देणार नाही, कॉलेजच्या सामन्यात लागलं तर तालीम देणार नाही. दोघांनाही आधीच विचारा, आणि शक्य असेल तर उत्तर जिमखान्याच्या लेटरहेडवर घ्या. सेमिस्टरच्या परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर आल्या तर फेरपरीक्षा मिळते का, पंचाहत्तर टक्के हजेरीत सामन्यांचे दिवस धरतात का, हे विभागप्रमुखांकडून ऐका, प्रशिक्षकाकडून नको. आणि टीसी जुन्या कॉलेजातून काढायची ती नव्या ठिकाणी वसतिगृहाची खोली नावावर झाल्यावरच.