हात लावू दे की तिला

मुलांना पर्यावरण शिकवायचं म्हटलं की आपण काय करतो? शाळेच्या प्रकल्पासाठी कार्डपेपर आणतो. एक हिरवा डबा, एक निळा डबा, मधे हसरी पृथ्वी. मूल पेंगायला लागलेलं असतं, सकाळी प्रकल्प द्यायचा असतो, म्हणून उरलेलं रंगकाम आपणच उरकतो. आणि त्याच घरात ते मूल केराच्या डब्याकडे वळलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "हात नको लावूस, घाण आहे!"

तुमच्याकडे, माझ्याकडे, सगळीकडे हेच. मूल आजारी पडेल, शाळा बुडेल, मग रजा कोणी टाकायची, हे सगळं त्या एका वाक्यात असतं. पण मुलाच्या बाजूने बघा. मघाशी आई ज्या दुधीची सालं काढत होती, ती ओट्यावर होती तोवर भाजी होती. डब्यात पडली आणि क्षणात घाण झाली. हे कसं, ते त्याला कोणीच सांगत नाही.

आमच्या इमारतीत काही घरांनी मिळून खाली हॉट कंपोस्टर ठेवला, तेव्हा मला खरी काळजी वासाची आणि शेजाऱ्यांची होती. मुलांचा विचार नंतर आला. हा म्हणजे जाड भिंतींचा, घट्ट झाकणाचा पिंप. आत तयार होणारी ऊब तो बाहेर जाऊ देत नाही. बाल्कनीतल्या बादलीतही खत होतं, पण ते फारसं तापत नाही, कारण माल थोडा आणि ऊब लगेच निघून जाते. उघड्यावरचा ढीग नीट तापायचा तर तो साधारण मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि उंच लागतो. पिंपाच्या जाड भिंती ही अट सैल करतात.

या पिंपात खुपसायला एक लांब दांड्याचा थर्मामीटर असतो. तो मुलांच्या हातात द्या, एवढंच मला आज सांगायचं आहे.

काटा साठच्या पुढे गेलेला दिसला तेव्हा माझ्या लेकीने पिंपाखाली वाकून बघितलं. "आई, गॅस कुठे आहे?" गॅस नाही, वीज नाही, उन्हात ठेवलेला नाही. आत डोळ्यांना न दिसणारे जीव आपली सालं-देठं खातायत, श्वास घेतायत, आणि त्यातून ऊब निघतेय. चाळीस अंशांपर्यंत एका जातीचे जिवाणू काम करतात, त्यापुढे उष्णता आवडणारे दुसरे येतात. ५५ ते ६५ अंश ही त्यांची आवडती जागा. सत्तरच्या वर गेलं की तेही मरू लागतात, मग ढीग हलवून थोडा थंड करायचा. मुलांना हे भाषण म्हणून ऐकवलं तर कंटाळतात. काट्याकडे बघत स्वतः विचारलं की कान देऊन ऐकतात.

थंडीच्या सकाळी झाकण उघडलं की वाफ येते, चष्मा धुरकटतो. परवा टाकलेली भेंडीची देठं ओळखू येत नाहीत. कांद्याचं टरफल मात्र तसंच, अंड्याचं कवचही. आंब्याची कोय तर कितीतरी महिने दाद देत नाही. कोण विरघळलं आणि कोण हट्टी निघालं, हे शोधायला मुलांना फार आवडतं. शोधू द्या. काठी द्या, हातमोजे द्या, नंतर साबणाने हात धुवायला लावा. बुरशीची धूळ उडते, म्हणून तोंड आत घालू देऊ नका. दमा असलेल्या मुलाला ढवळताना लांबच ठेवा.

आणि ज्याला नको वाटतं त्याला जबरदस्ती नको. कडेच्या गार भागात कधी अळ्या दिसतात. त्या चावत नाहीत, पण बघून पोटात ढवळतं हे खरं आहे, मोठ्यांनाही. अशा मुलाला सुकी पानं चुरायला बसवा. ते कामही तितकंच गरजेचं आहे. ओल्या कचऱ्याच्या निदान बरोबरीने सुका पाला, भुसा किंवा पुठ्ठ्याचे तुकडे पडले नाहीत तर आत हवा खेळत नाही आणि कुजका वास सुटतो. नाकाला झोंबणारा वास आला तरी उपाय तोच, पाला वाढवायचा. हातात घेऊन दाबलं तर एखाददुसरा थेंब यावा इतपतच ओल हवी.

मैत्रीण घरी आली आणि म्हणाली, "तुम्ही कचरा साठवता?" तेव्हा लेकीचा चेहरा उतरला. अशा वेळी आपण आई-बाबा लगेच पुढे सरसावतो आणि पर्यावरण समजावू लागतो. मूल आणखी अवघडतं. त्या क्षणी त्याला पृथ्वी वाचवायची नसते, मैत्रीण टिकवायची असते. गप्प राहावं. त्याला वाटलं तर ते थर्मामीटर दाखवेल, नाही वाटलं तर नाही.

भीती घालूनही काही साधत नाही. मुंबईतली देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, शहरभर धूर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगात दडपलेला ओला कचरा हवेशिवाय कुजतो, त्यातून पेटणारा मिथेन वायू तयार होतो. हे मुलांनी विचारलं तर खरं सांगावं, पण झोपायच्या आधी नको. त्याऐवजी इंदूरची गोष्ट सांगा. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ तिथे १९२४ ते १९३१ या काळात शेतातला पालापाचोळा आणि शेण यांचे ढीग लावून, ते तापवून खत करायची पद्धत बसवत होते. त्यांच्यासोबत यशवंत वाड होते. दोघांनी मिळून १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ती पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते, हे ऐकून मुलांना छान वाटतं.

एक पेच मात्र येतोच. ताटात भात उरला की मूल सहज म्हणतं, "टाकू दे ना, खतच होईल." आपल्याला आजीचं 'अन्न हे पूर्णब्रह्म' आठवतं आणि आपण चिडतो. चिडण्यापेक्षा मी वाढणं कमी केलं. वरण-भाताचा गोळा पिंपात पडला तर चिकटून बसतो, चिलटं येतात, हे त्याचं त्यालाच दिसलं की बोलायला फार उरत नाही. ताट रिकामं करण्यावरून रोज रडारड होत असेल, तर त्याचं कारण पिंपात शोधू नका. बऱ्याचदा मूल नुसतं दमलेलं असतं, आपल्यासारखंच.

काही आठवड्यांनी नवलाई ओसरते. थर्मामीटर कोपऱ्यात पडतो. मग आपण "तूच हौसेने घेतलं होतंस ना!" म्हणतो. नका म्हणू. पिंप आपण चालवत राहायचा. तयार खतातलं ओंजळभर पुढच्या ढिगाला विरजण म्हणून घालायचं, बाकीचं कुंड्यांना. हाक मारली की मुलाने यावं, नाही आलं तरी चालेल.

आणि पानगळीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आवारातला बदामाचा, पिंपळाचा पाला कोणी जाळायच्या आत मुलांना घेऊन पोत्यांत भरून ठेवा. पावसाळ्यात सुकं पान शोधून सापडत नाही, आणि पिंपाला ते तेव्हाच सर्वात जास्त लागतं.