अंतर नको, थांबे ठरव

दापोली

चि. मधुरास,


मार्चमध्ये मैत्रिणीला घेऊन गाडीवर हरिहरेश्वरला जायचं म्हणतेस, फार आनंद झाला. पण तुझ्या बेतात सगळा हिशेब किलोमीटरचा आहे. एका दिवसात एवढं उरकायचं असेल तर गाडीवर येण्यात अर्थ नाही. दुचाकीचं खरं सुख वाटेल तिथे थांबता येण्यात आहे. दोन मुक्काम धर आणि आधी थांबे ठरव.

दापोलीत पेट्रोलची टाकी भरून घे, उन्हं कलली की हर्णैला उतर. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. होड्यांतून आलेल्या कोळंबीचे, बांगड्यांचे ढीग वाळूवरच मांडतात आणि बोली सुरू होते. कोळणींच्या कामात मध्ये न येता बाजूला उभी राहून बघ. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसेल. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेऊन तो मराठा आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराचं बळ कसं खचलं, याचा तिथे उभं राहून विचार कर. मग आंजर्ल्याला मुक्काम कर आणि सकाळी कड्यावरच्या गणपतीला जा.

पुढे आडे-पाडल्याचा रस्ता समुद्राला लागूनच आहे, तिथे घाई करू नकोस. वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. ब्रेक वळणाआधी लाव, वळणात नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडू नकोस, खालच्या गिअरमध्ये इंजिनच तिला धरून ठेवतं. हेल्मेट मागे बसणारीलाही हवंच, यात सूट नाही.

दुसरा मुक्काम वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी. गावात घरोघरी राहायची, जेवायची सोय होते. घरटी फुटली असतील तर सकाळ-संध्याकाळ ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू ओल्या वाळूवर वल्ह्यासारखे पाय मारत जातं, लाट त्याला मागे लोटते, ते पुन्हा निघतं. उचलून मदत करू नकोस, फ्लॅश मारू नकोस. उजेडाने त्यांची दिशा चुकते.

तिसऱ्या दिवशी बाणकोटचा किल्ला बघून वेसवीला फेरीबोट धर. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. पलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा, आणि तिथून हरिहरेश्वर जवळच. बोटीचा उतार ओला असतो, तेव्हा पहिल्या गिअरवर सावकाश चढ. गाडी गिअरमध्येच ठेवून बंद कर आणि तिच्याजवळ उभी राहा. परतीची शेवटची फेरी कितीची, हे चढतानाच विचारून घे.

वाटेत उशीर झाला तर अंधारात गाडी रेटू नकोस, असशील त्या गावात राहा. एखादं ठिकाण राहिलं तर राहू दे. पुढच्या खेपेला निघायला तेवढं कारण पुरे.

तुझा,
मामा