पहिल्या शिबिराला मूल पाठविताना

वार्षिक परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात आपल्या वस्त्यांतून दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराची आणि बालसंस्कार शिबिरांची पत्रके फिरू लागतात. शिबिराचे महत्त्व आपण व्याख्यानांतून वरचेवर ऐकतो. परंतु जे मूल आजवर एक रात्रही आईपासून दूर झोपलेले नाही, त्याला दहा दिवस परगावी ठेवायचे तर घरात काय तयारी करावी, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मी स्वतः यात चुकलो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. अर्ज मी आणला, भरला मी, सही माझी. मुलाला जाण्याच्या चार दिवस आधी सांगितले. त्याने एकच प्रश्न विचारला, "पप्पा, करमलं नाही तर?" मी म्हणालो, "फोन करायला सांग, मी लगेच न्यायला येतो." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला घेऊन आलो. मुंडण झालेले होते. धाटावला परतल्यावर मित्रांनी "दहा दिवस झाले पण?" असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा हा पठ्ठ्या सुट्टी संपेपर्यंत डोक्यावर टोपी घालून घरातच बसला.

मुलगा हळवा आहे, असे मी सर्वांना सांगत राहिलो. पुढे एका डॉक्टर मित्राने माहिती दिली. अमेरिकेत लाखो मुले उन्हाळी शिबिरांना राहायला जातात, त्यामुळे तिकडे घरच्या ओढीचा रीतसर अभ्यास झालेला आहे. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी 2007 साली 'पिडियाट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात डॉक्टरांसाठी व पालकांसाठी सूचना लिहिल्या. घरची आठवण येणे हा दोष नाही, ती बहुतेक मुलांना येतेच, असे ते सांगतात. जाण्याच्या निर्णयात मुलाला सहभागी करावे, आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहण्याचा सराव द्यावा, आणि 'नाही आवडले तर घेऊन येतो' असे वचन कदापि देऊ नये. असे वचन मिळालेले मूल तिथे रमण्याचा प्रयत्नच करीत नाही, फोनची वाट पाहते. हळवा मुलगा नव्हता, माझे वाक्य चुकीचे होते!

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. भगवान बुद्धांनी राहुलला प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदन राजाला अतिशय दुःख झाले, आणि त्याच्या विनंतीवरून आईवडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. हे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. त्याच ग्रंथात पंधरा वर्षांखालील मुलाला प्रव्रज्या देऊ नये असे आधी सांगितले आहे; नंतर अनाथ झालेल्या दोन मुलांच्या निमित्ताने, ज्याला कावळे हाकलता येतात अशा लहान मुलालाही द्यायला हरकत नाही, अशी सवलत दिली आहे. वय किती यापेक्षा मुलाला काय जमते हे पाहिले. भाताचे खळे राखणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसाला ही कसोटी चटकन कळेल. आज मात्र उलटे झाले आहे. पालकांची अनुमती अर्जावर असते आणि मुलाला विचारलेलेच नसते.

दुसऱ्या वर्षी आम्ही जानेवारीतच विषय काढला. पत्रक त्याच्याच हाती दिले आणि शंका विचारायला सांगितल्या. त्याच्या शंका माझ्या कल्पनेतल्या नव्हत्याच. रात्री संडासला जायचे झाले तर कोणाला उठवायचे? केस कापताना वस्तरा लागतो का? दुपारी बारानंतर जेवण नाही, मग भूक लागली तर? शेवटचा प्रश्न मोठा होता, कारण विकालभोजन वर्ज्य करणे हे श्रामणेराच्या दहा शीलांपैकी एक आहे. म्हणून काही रविवारी आम्ही घरातल्या सर्वांनी अकरा वाजता पोटभर जेवून संध्याकाळी फक्त लिंबूसरबत घेतले. पहिल्या रविवारी सातच्या सुमारास मीच डब्यातल्या चकल्या शोधू लागलो, मुलगा मात्र टिकला! चटईवर झोपणे, आपली चड्डी-बनियन आपण धुणे, एका बादलीत आंघोळ उरकणे, हेही हळूहळू झाले. दोन रात्री तो पेणला मामाकडे एकटा राहिला.

काही गोष्टी मुलाने करायच्या नसून आपण करायच्या असतात. अंथरूण ओले होणे, दमा, फिट, एखाद्या औषधाची ॲलर्जी हे लाजेखातर लपवू नये. शिबिरप्रमुखांना बाजूला घेऊन सांगावे आणि औषधांची चिठ्ठी द्यावी. झोपण्यापूर्वी अंथरूण आणि सकाळी चपला झटकण्याची सवय लावावी, कारण उन्हाळ्यात विंचू असतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचविले, ते आपल्याच जिल्ह्यात. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे दिसले की मांत्रिकाकडे न जाता मुलाला तत्काळ दवाखान्यात न्यावे, हे शिबिरप्रमुखांशी आधीच बोलून ठेवावे. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलावी. अंगाला कोणी नको तिथे हात लावला, मग तो कितीही मोठा वा पूज्य माणूस असो, तर ओरडायचे, तिथून निघायचे आणि सांगायचे. आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलाला पाठ असावा.

मुलाला नेमके कोणाच्या ताब्यात देतो, हेही पाहावे. 1901 साली उन्हाळ्याच्या सुट्टीत लहानगे भीमराव घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. (हे खटाव तालुक्यातले गोरेगाव, आपल्या माणगावजवळचे नव्हे.) सोबत मोठे माणूस नव्हते. आधी पत्र पाठविले होते, परंतु वडिलांच्या नोकराने ते दिलेच नाही, म्हणून मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले नाही म्हणू लागले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ डबा असूनही पाणी न मिळाल्याने मुले रात्री उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवले आहे. त्यातला जातीचा डंख आपण जाणतोच. पालक म्हणून वाचताना मात्र मी त्या न पोहोचलेल्या पत्रापाशी थांबतो. बँकेत दुसऱ्याच्या ताब्यात रोकड देताना आम्ही मोजून सही घेतो. मुलाच्या बाबतीत मात्र 'कोणीतरी येईल घ्यायला' यावर भागवतो. मुलाला उतरवून घेणाऱ्याचे नाव आणि फोन लिहून घ्यावा, आणि निघण्याच्या सकाळी त्याच्याशी पुन्हा बोलावे.

रोहा एस. टी. स्थानकावर निरोप थोडक्यात घेतला. पत्नीचे डोळे भरले होते, पण तिने ते बस सुटल्यावरच पुसले. 'लगेच येतो' असे मी या वेळी म्हणालो नाही. "आठवण येईल. आली की शेजारच्या मुलाशी बोल, त्यालाही येत असेल. दहाव्या दिवशी आम्ही येतो," एवढेच सांगितले. चौथ्या दिवशी शिबिरप्रमुखांचा फोन आला, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. टॉवेल हरवला होता.

समारोपाला त्याची आजीही आली होती. तिने चीवरातल्या नातवाला वाकून वंदन केले तेव्हा तो गोंधळला, पण रांग सोडून आला नाही. नंतर चीवर उतरवून, घरचे कपडे घालून आम्ही परत निघालो. कोलाडला बस थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. त्याने वडापाव मागितला. मी घड्याळाकडे पाहिले, तर म्हणतो, "पप्पा, चीवर उतरवलं ना, आता चालतं. दोन घ्या."